नावावर काय काय आहे

गोव्यात जमिनीच्या धंद्यात टिकायचं तर जुने कागद वाचता यावे लागतात. एक-चौदाचा उतारा म्हणजे इथला सातबारा, रूपांतराची सनद, पोर्तुगीज काळातली मात्रीज म्हणजे करनोंद, कोमुनिदादीनं, गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेनं, दिलेला आल्वारा, तीन पिढ्यांपूर्वीच्या वाटण्या. मी वकील नाही. पर्वरीला एका बिल्डरच्या ऑफिसात कागदपत्रं बघतो. दिल्लीचा ग्राहक फोनवर व्हिला पसंत करतो तेव्हा त्या सर्व्हे नंबराचा इतिहास माझ्या टेबलावर उलगडून पडलेला असतो. वारस किती, परदेशी कोण, सही कुणाची राहिली. या कामाचा एक परिणाम होतो, तो आधी कुणी सांगत नाही. घर बघा, विहीर बघा, आंब्याचं झाड बघा, डोक्यात पहिला प्रश्न येतो तो एकच: हे कुणाच्या नावावर?

मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला. पणजोबांपासून आम्ही कॅथलिक. त्याआधी गावकुसाबाहेर, एवढं सांगितलं की नगर जिल्ह्यातल्या माणसाला बाकीचं सांगावं लागत नाही. आजोबा दुसऱ्याच्या उसात राबले, पप्पा शिक्षक झाले. आम्ही राहायचो ते घर संस्थेच्या जागेत होतं, नोकरीबरोबर मिळालेलं. पप्पा निवृत्त झाले आणि रीतसर ते सोडायची वेळ आली. कुणी हाकललं नाही, कुणाचं चुकलं नाही, पण सामान टेम्पोत चढवताना आईनं तुळईला बांधलेली झोळीची दोरीही सोडून घेतली, ती मला अजून दिसते. दर सप्टेंबरात आम्ही हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जायचो. त्या वर्षीपासून माझी तिथली मागणी ठरून गेली. घर पाहिजे. माझ्या नावाचं.

ते मिळालं. पर्वरीत दोन बेडरूमचा फ्लॅट, खाली पार्किंग, दारावर मराठीत पाटी. सेल डीडवर सही केली त्या रात्री मी झोपलो नाही. स्वयंपाकघरातले ड्रॉवर हलकेच ढकलले की आपोआप, आवाज न करता मिटायचे. मी रात्री उठून ते उघडायचो आणि मिटताना बघत बसायचो. बायको म्हणाली, वेडा आहेस का? वेडा नव्हतो. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कशाला तरी कुलूप लावायला मिळालं होतं.

हे मुद्दाम सांगतोय. 'भौतिक सुखांचा हव्यास' वगैरे शब्द प्रवचनात फार सहज येतात, आणि बहुतेकदा ते वापरणाऱ्याच्या आजोबांकडे दोन-चार एकर तरी असतात. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काहीच नव्हतं त्यांच्या हातात पहिल्यांदा काही आलं की लगेच त्यांना त्याग शिकवायला जाऊ नये असं माझं आजही मत आहे. पाटी, कुलूप, पासबुक यात हावरेपणापेक्षा मान जास्त असतो.

पण मान कुठं संपतो आणि दुसरं काय सुरू होतं, ते मला कळलं नाही. फ्लॅटनंतर गाडी आली, मग मोठी गाडी. घड्याळ आलं. रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईलवर फ्लॅट बघायचो, विकत घ्यायचे नसलेलेसुद्धा. मोपाचा विमानतळ होणार म्हणून पेडण्यात सगळे प्लॉट धरत होते, मीही एकासाठी टोकन दिलं. घरात भांडणं नव्हती, तोंडावर हसू होतं, रविवारची मिस्सा चुकत नव्हती. फक्त कुणी काही मागायला आलं की पोटात गोळा यायचा. गावाकडून चुलतभावाचा फोन आला तरी उचलायच्या आधी मी मनात कारणं जुळवत असायचो.

सुरुवात झाली ती एका बाकापासून. आमच्या चर्चमध्ये नवे बाक करायचे होते. जुन्या बाकांना देणगीदारांच्या नावाच्या पितळी पट्ट्या आहेत, काही पोर्तुगीजमधल्या. मी एका बाकाचे पैसे दिले आणि फादरना पट्टीचा आकार विचारला. त्यांनी शांतपणे सांगितला. मजकूर काय, कुठल्या रांगेत, सगळं नीट लिहून घेतलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चार-पाच दिवसांवर आला होता. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मत्तयच्या सहाव्या अध्यायातला तोच उतारा दरवर्षी वाचतात: दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस, दाखवून देणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. लहानपणापासून ऐकलेला उतारा. या वेळी कपाळावर राख आणि डोळ्यांसमोर पट्टीचा आकार, नऊ इंच बाय दोन. फादर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पट्टी लागली. आजही आहे. काढायला सांगितली तर तोही एक कर्णाच झाला असता.

मधे एका ओळखीच्यानं मला दुसरीकडच्या प्रार्थनासभेला नेलं. तिथं भाषण जोरात होतं: तुम्ही देवाला दहा द्या, तो शंभर करून देईल, साक्षी द्यायला माणसं उभी होती, कुणाला गाडी मिळाली, कुणाला व्हिसा. मला ते पटलं नाही, त्यातही माझ्या धंद्याचा हात आहे. असा परतावा सांगून पैसे घेणाऱ्या स्कीमा मी पुष्कळ बघितल्या आहेत. देव त्यातल्या एखाद्या स्कीमचा प्रवर्तक असेल असं वाटेना.

त्याच काळात कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, गेलो. कुमसाराच्या चौकटीत काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण फादरनी प्रायश्चित्त म्हणून जे दिलं ते सांगायला हरकत नाही. उपवासकाळभर रोज रात्री दिवसाचा हिशेब लिहायचा. पैशांचा नाही. आज कशाची भीती वाटली, तेवढंच. संत इग्नेशियसनं दिवसाअखेर स्वतःचा दिवस देवासमोर उलटून बघायची जी पद्धत घालून दिली, तिचंच हे सोपं रूप, असं ते म्हणाले.

मला वाटलं होतं, वहीत लोभ निघेल. निघाली भीतीच. शेजाऱ्यानं गाडी बदलली, भीती. मुलीच्या शाळेत एका आईनं विचारलं, मूळचे कुठले तुम्ही, भीती. प्लॉटच्या हप्त्याचा मेसेज, भीती. प्रत्येक पानावर कुठून तरी तो टेम्पो यायचाच. मी वस्तू जमवत नव्हतो, टेम्पोच्या आणि माझ्यामध्ये भिंत बांधत होतो, आणि भिंतीची उंची कधी पुरेशी होत नव्हती. लूकच्या बाराव्या अध्यायात एक धनवान आहे, पीक जास्त आलं म्हणून कोठारं पाडून मोठी बांधणारा. मी त्याला नेहमी अधाशी समजत आलो. आता वाटतं, तोही घाबरलेलाच असणार.

भीती ओळखल्यानं ती जाते, असं पुस्तकांत असतं. तसं काही झालं नाही. वही भरली, पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला, मटण खाल्लं, आणि मी पुन्हा मोबाईलवर फ्लॅट बघायला लागलो. फादर एवढंच म्हणाले, लिहून झालं असेल तर आता पायांना काम दे. आणि मला चर्चच्या मागच्या खोलीत रविवारी भरणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या बैठकीला पाठवलं.

ही सोसायटी बऱ्याच कॅथलिक धर्मग्रामांत असते, पण ती काय करते हे माझ्यासारख्या कितीतरी कॅथलिकांना धड माहीत नसतं. १८३३ मध्ये पॅरिसला विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. त्यांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. धर्मावर वादविवाद करणाऱ्या त्यांच्या मंडळात कुणीतरी टोमणा मारला की तुमच्या चर्चनं पूर्वी केलं ते ऐकलं, आता काय करता ते सांगा. ओझानामला तो लागला. पोरांनी सरपण खांद्यावर घेतलं आणि एका गरिबाच्या घरी नेऊन टाकलं. ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेला, १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केलं. पद्धत मात्र तेव्हापासून तीच आहे: दोघादोघांनी जायचं, घरी जायचं, बसायचं.

आणि ती पिशवी. बैठकीच्या शेवटी जाड कापडाची एक पिशवी फिरते. प्रत्येकानं मूठ मिटून हात आत घालायचा आणि मूठ उघडून बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, टाकले की नाही, कुणालाच कळत नाही. माझ्या शेजारी बसणारी एक बाई चतुर्थीच्या बाजारात फुलं विकते, पलीकडे एक निवृत्त बँक मॅनेजर. दोघांच्या मुठी सारख्याच दिसतात. पहिल्या वेळी माझ्या हातात पाचशेची नोट होती, आणि मूठ मिटताना तिचा कोपरा बाहेर राहिला. राहिला म्हणजे, मी राहू दिला. ती पिशवी फिरवणारा माणूस छताकडे बघत होता. पुढच्या बैठकीपर्यंत मला समजलं की ते सगळे पिशवी आली की छताकडेच बघतात, तशी सवयच आहे त्यांना.

माझा जोडीदार म्हणून मिळाला एक निवृत्त तार्वटी. आयुष्य बोटीवर, किचनमध्ये. सत्तरी ओलांडलेला, एक गुडघा कामातून गेलेला, स्कूटर चालवतो ती मात्र पोरासारखी. त्याची कोंकणी, माझी मराठी, आणि मधेमधे दोघांचीही मोडकी हिंदी. चर्चमधलं गायनाचं पुस्तक रोमी लिपीत असतं, ते मला अजून अडखळत वाचावं लागतं, आणि तो मला ओळ संपायच्या आत कोपरानं ढोसतो. पहिल्या काही भेटींत मी प्रत्येक घरी उपाय घेऊन गेलो. या योजनेचा फॉर्म भरा, त्या डॉक्टरला दाखवा, मुलाला आयटीआयला घाला. एका घराच्या पायरीवरून उतरताना त्यानं मला थांबवलं.

"तूं बस मरे. उलोव नाका."

म्हणजे बसायचं. गप्प. गुडघ्यावर हात ठेवून. तो कोंबड्यांची चौकशी करायचा, दुकानातल्या पावाचा आकार पूर्वीपेक्षा लहान झाला यावर पंधरा मिनिटं बोलायचा, मधेच रोझरीचं एक दशक, म्हणजे जपमाळेतल्या दहा मण्यांची प्रार्थना, म्हणायचा, आणि उठायचा. मला ते रटाळ व्हायचं. सरळ सांगतो, भयंकर रटाळ. माझ्या तासाला बाजारात किंमत आहे, मला ती पाठ आहे. पैसे देणं यापेक्षा कितीतरी सोपं. पैसे दिले की मी देणारा, ते घेणारे, आणि मी निघायला मोकळा. नुसतं बसल्यावर मात्र मी कोण, तेच ठरत नाही.

त्यात एक घर होतं, बार्देशातल्या एका गावात. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. म्हातारी एकटी. नवरा रेंदेर होता, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांवर चढायचा, सूर म्हणजे माडी काढायचा. त्या माडांतच भाटकारानं त्याला घर बांधू दिलेलं. भाटकाराचे वारस आता परदेशांत विखुरलेले, जमीन विक्रीला निघालेली. मी पहिल्यांदा त्या अंगणात उभा राहिलो तेव्हा मला म्हातारीच्या आधी दर दिसला. रस्त्याला लागून, चढावर, शेताचा देखावा. अशा जागेचं काय करतात ते मला ठाऊक आहे, आणि मधे मुंडकार असला की त्याला चार पैसे देऊन कसं उठवतात तेही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या कायद्यानं त्याला उठवता येत नाही, आणि घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. अर्ज मामलेदाराकडे करायचा. कायदा चांगला आहे, पण कागद लागतात आणि म्हाताऱ्या माणसांकडे ते विचित्र ठिकाणी असतात. म्हातारीचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, नवऱ्याचं रेशन कार्ड, बाप्तिस्म्याचे दाखले, एका नातेवाइकाच्या लग्नाचं आमंत्रण, आणि अगदी तळाशी पोर्तुगीज शिक्क्याची एक पावती, घडीवर फाटत आलेली. ती पावती हातात घेतल्यावर माझं हृदय जे उडालं ते करुणेनं नव्हे. कारागिराला चांगलं लाकूड दिसावं तसं झालं. ही केस पक्की उभी राहणारी होती.

मी तार्वट्याकडे बघितलं. तो कोंबड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, आतां उलय.

फाईल मी केली. रात्री, ऑफिस सुटल्यावर, फी न घेता. ज्या कामाचे मी लोकांकडून नेहमी पैसे घेतो तेच काम फुकट करताना हात जड होतो, याचा मला अंदाज नव्हता. बाकाचे पैसे देताना तो झाला नव्हता. एक ओळखीचा दलाल, जो मला वरचेवर गिऱ्हाईक पाठवायचा, त्याला कुठून तरी कळलं. तो हसतच म्हणाला, तू मुंडकारांच्या फायली करायला लागलास तर आम्ही खायचं काय? त्यानंतर त्याचे फोन येईनासे झाले. माझ्या साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती जागा आमच्या कुठल्याच प्रकल्पात नव्हती, म्हणून त्यांनी खांदे उडवले. असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी त्या भीतीच्या वहीत लिहून ठेवलाय.

आणि म्हातारी? तिनं आभार वगैरे काही मानले नाहीत. अर्जावर तिच्या नवऱ्याच्या नावात एक अक्षर राहिलं म्हणून तिनं मला खडसावलं. एकदा मी आत पाणी प्यायला गेलो असताना ती तार्वट्याला सांगत होती, "हो घांटी बरो दिसता मरे." घाटावरच्यांसाठी इथं घाटी हा शब्द कसा वापरतात ते गोव्यात राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. माझ्या कानात तो शब्द आणखी मागचे दोन-तीन शब्द घेऊन शिरला, आमच्या गावातले. मी तुमच्यासाठी रात्री जागतोय आणि तुम्ही मला घाटी म्हणता? स्कूटरवर मागे बसून मी धुमसत होतो. तार्वट्याला सांगितलं. तो म्हणाला, तिनं तुला बरा म्हटलं, ते ऐकू नाही आलं? पुढच्या रविवारी मला जायचं नव्हतं. गेलो, कारण त्याच्या गुडघ्याला क्लच झेपत नव्हता आणि गाडी माझी न्यायची ठरली होती. भलेपणातलं बरंचसं असंच होत असावं, गाडी आपली असल्यामुळे.

माझ्या मनात तोवर एक हिशेब चालूच होता: मी दिलं, तिनं मानलं पाहिजे. अर्ज तिचा, घर तिचं, पण उपकार माझ्या नावावर. ती मला तो नोंदवूच देत नव्हती. मला राग आला होता तो त्याचा.

घरी दुसरंच प्रकरण. बायको नर्स आहे, पाळ्या करते, आणि माझ्या रविवारांच्या दुपारी भांडी, मुलीचा अभ्यास, बाजार, सगळं तिच्यावर पडायला लागलं. शिवाय पिशवीत जाणारे पैसे मी एकट्यानंच ठरवत होतो. एके दिवशी ती म्हणाली, "तू संत होणार आणि आम्ही बिलं भरणार, असं आहे का?" मी बायबलमधलं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "दिवसभर लोकांना सांगतोस ना, गोव्यात नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही म्हणून? मग देताना माझी सही कुठंय?"

यावर उत्तर नव्हतं. इथला पोर्तुगीज दिवाणी कायदा नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतो, आणि अर्धे व्यवहार त्या एका सहीवर अडतात हे मीच रोज बघतो. दुसऱ्याच्या कष्टातून उदार होणारे पुरुष मी घराण्यात पाहिलेत, धार्मिक माणसांत तर फारच. आम्ही बसलो, रक्कम दोघांनी मिळून ठरवली, एक रविवार माझा आणि एक तिचा असं केलं. तिच्या रविवारी ती झोपते. पेडण्याच्या प्लॉटचा हप्ता थांबवायचा आणि टोकन सोडून द्यायचं, हेही त्याच बसण्यात ठरलं, आणि ते तिनं सुचवलं, मी नाही. मोपाला विमानं उतरायला लागली, तिथले भाव कुठच्या कुठं गेले. त्या रस्त्यानं जाताना आज तो प्लॉट केवढ्याला गेला असता याचा आकडा मी अजूनही मनात काढतो. चुकत नाही आकडा.

सांकवाळला मी आधी कधी गेलो नव्हतो. तिथं जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे, बाकी १८३४ च्या आगीत गेलं, आणि शेजारी संत जोसेफ वाझचं तीर्थस्थान. त्याच्याबद्दल मला माहीत होतं ते सगळ्यांना असतं तेवढंच: जन्म १६५१, बाणावलीचा, डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातलेल्या श्रीलंकेत वेष पालटून शिरला, १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा नातेवाइकांनी टाकून दिलेल्या रोग्यांसाठी झोपड्या घातल्या, त्यांच्या जखमा धुतल्या, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं. मला तिथं अडवलं ते एका कागदानं. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यानं सांकवाळच्या चर्चमध्ये एक दस्तऐवज केला, मारियेचा दास झाल्याचा. माणसानं स्वतःलाच दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचं, तारीख घालून, सही करून. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

दिवसाला कितीतरी डीड माझ्या हाताखालून जातात. देणारा, घेणारा, मोबदला, चतुःसीमा. या कागदात मोबदल्याचा रकाना रिकामा. बाकीच्या आयुष्यात त्यानं जे केलं, अनवाणी चालणं, साथीत राहणं, ते सगळं मला त्या कागदाच्या अंमलबजावणीसारखं दिसायला लागलं. आपलं काही उरलंच नाही तर भीती कशाची वाटणार? निदान त्याचं गणित असं असावं. माझं तिथवर पोचलेलं नाही. मला फक्त कागद कळला.

२०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला सुरुवात झाली, दहा वर्षांनी येणारं ते, ५ जानेवारीपर्यंत चाललं. आमच्या बैठकीतले काही जण स्वयंसेवक म्हणून गेले, मला व्हीलचेअर ढकलायचं काम मिळालं. से कॅथेड्रलच्या रांगेतून आत, दर्शन, बाहेर, पुन्हा रिकामी खुर्ची घेऊन मागे. शव एरवी ज्या चांदीच्या पेटीत असतं ती गोव्यातल्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली आहे, आणि बाँ जेजू बॅसिलिकात ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर असते तो तुस्कनीच्या ड्यूकनं पाठवलेला. ज्या माणसासाठी हे सगळं, तो १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा इस्पितळात राहिला आणि अत्यवस्थ रोग्यांच्या शेजारी जमिनीवर झोपायचा. आपण लोक कुणाला काही नको असलं की त्यालाच चांदीत ठेवतो.

माझ्या इमारतीतला एक मित्र, हिंदू, पेडण्याचा, मला म्हणाला, गोव्यात इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) आणा म्हणून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिणाराही हाच ना? हाच. १५४६ चं पत्र आहे. त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये ते आलं आणि इथल्या लोकांनी काय भोगलं ते लपवण्यासारखं नाही. मी मित्राशी वाद घातला नाही. संत म्हणजे सगळ्या बाबतीत बरोबर ठरलेला माणूस असं मी मानत नाही, आणि रोग्याशेजारी झोपणारा फ्रान्सिस मला त्या पत्रामुळे खोटाही वाटत नाही. दोन्ही कागद त्याच्याच सहीचे.

व्हीलचेअर ढकलण्यात एक गंमत आहे. बसलेला माणूस पुढे बघतो, तुमचा चेहरा त्याला दिसत नाही. सोलापूरकडच्या एका आजीनं सगळ्या रांगेत मला स्वतःच्या सुनेबद्दल सांगितलं, आणि बाहेर आल्यावर धन्यवाद दिले ते पुढं उभ्या असलेल्या पोलिसाला. संध्याकाळी वहीत लिहायला बसलो तर त्या दिवशीची भीती आठवेना. ते पान तसंच ठेवलंय. दुसऱ्या दिवशीचं भरलं.

घर आहे, ड्रॉवर अजून तसेच मिटतात, गाडी तीच. चुलतभावाचा फोन पहिल्या रिंगला उचलतो असं नाही, पण कारणं आधी जुळवत नाही. आता मुंडकारांच्या आणखी दोन फायली माझ्याकडे आहेत, त्या बायकोला विचारून घेतल्या. ती म्हणते, आता फी घे थोडी, नाहीतर लोकांना वाटेल कागदात काही दम नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

म्हातारीच्या अर्जावर मामलेदारांनी जागेची पाहणी लावली होती, ती वारसांच्या वकिलानं मुदत मागितल्यानं पुढं गेली. आता तारीख पावसाळ्यात आहे. त्या दिवसांत तिच्या अंगणापर्यंत गाडी जात नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच तिला म्हापशाला भाचीकडे आणून ठेवायचं ठरलंय. तिची अट एकच, कोंबड्या बरोबर येणार. तार्वटी म्हणतो गाडी तुझी घे, माझ्या स्कूटरवर खुराडं बसत नाही. सीटवर घालायला मी जुनं प्लॅस्टिक शोधतोय.